पाचवं शेपूट

"सही मी करणार. तू कोण मला अडवणारी?"

"तपासनीस. घरी तुमची लेक, इथे तपासनीस."

"कालपर्यंत रिव्हेट मोजत होतीस!"

"आणि काल तुम्ही उकळत्या चहाचा पेला धरून अख्खा पेपर वाचलात, बाबा. तळहात लालबुंद झाला, तुम्हाला पत्ता नाही."

हँगरमधली माणसं एकदम कामात बुडाली, म्हणजे कान इकडेच लावून.

तिच्या वडिलांना सगळे शेपूटकाका म्हणत. विमानांचे पंख कापडाचे होते तेव्हा ते सुईदोरा घेऊन इथे लागले. पंख पत्र्याचे झाले, हातात पत्रे जोडायची रिव्हेटची बंदूक आली; तिच्या थरथरीनं बोटं बधिर होतात, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. युद्ध पेटल्यापासून विमानाला सारखं जास्त ताकदीचं इंजिन बसे, विमान हेलकावू लागे, की आलंच नवं शेपूट. हे पाचवं. शेपटातल्या सुकाणूच्या तारा काका डोळे मिटून, बोटांनी तपासत. आणि हँगरचा एक न लिहिलेला नियम होता: शेपूट ठीक आहे अशी ज्याची सही, तो पहिल्या उड्डाणाला मागच्या सीटवर. चारही वेळा काकाच बसले होते. आजही कातडी टोपी काखेत तयार होती.

दारात वैमानिक येरझारा घालत होता. सकाळी स्क्वाड्रनची सात विमानं गेली, पाच परतली. दुपारी हे विमान हवंच होतं.

"तार बघितलीत?" तिनं बाबांना विचारलं.

"दोनदा."

"तिसऱ्यांदा बघा. माझ्यासमोर."

"बघतो, बाई! तुझी हौस फिटू दे."

काकांनी डोळे मिटले. बोटं तारेवरून सरसर गेली, कप्पी ओलांडून पुढे.

"लोण्यासारखी आहे."

ती वाकली. कप्पीमागे पिळातला एक बारीक धागा तुटून वर आला होता, माशाच्या काट्यासारखा. त्याचं टोक लाल होतं.

"बाबा, डोळे उघडा. बोट बघा."

काकांनी बोट बघितलं. रक्ताचा थेंब मनगटाकडे ओघळत होता. त्यांनी अंगठ्यानं तो पुसला, पुन्हा आला, पुन्हा पुसला.

"काका, बसताय ना?" वैमानिकानं डोकावून विचारलं.

"तार बदलायचीय, तासभर थांबा," तीच बोलली. मग हळूच म्हणाली, "बाबा, तुम्ही सांगा, मी बसवते. हात माझे. चालेल ना? बाबा?"

काकांनी टोपी तिच्यासमोरच्या सहीच्या वहीवर ठेवली आणि वैमानिकाच्या शेजारून बाहेर निघून गेले.