कांजी पातळच होती

हे मी आजवर कुणापाशी बोललेली नाही. नवऱ्यापाशीसुद्धा नाही — आणि ते तर पाळक होते, लोकांच्या मनातलं ऐकून घेणं हेच त्यांचं काम. मग तुम्हालाच का सांगतेय? आता वैताग आलाय म्हणून. दुसरं काही कारण नाही.

वैताग कशाचा म्हणाल, तर माझ्याच कौतुकाचा. दरवर्षी कापणीच्या सणाला आमच्या लूथरन मंडळीत मला उभं करतात. कुणीतरी नवा पोरगा, ज्याचा दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत जन्मही झाला नव्हता, वेदीजवळून सांगतो — या आईंनी उपाशी शेजाऱ्यांना कांजी पाजली. एवढंच नाही, गरिबांचं गाऱ्हाणं थेट गोऱ्या साहेबापुढं मांडलं. साहेबाचं काळीजच दगडाचं, त्याला आई तरी काय करणार? सगळे माना डोलावतात. मी पदर सावरते आणि खाली बसते.

गाऱ्हाणं मांडलं म्हणे! कुणी? मी?

आमचं गाव निपाणीच्या अलीकडं. जमीन काळी, चांगली — पण सगळीकडं तंबाखू. जोंधळा बाहेरून यायचा, आणि लढाई पेटली तसा तो यायचा बंद झाला. बायका दिवसभर तंबाखूच्या वखारीत राबायच्या, संध्याकाळी मजुरी पदराला बांधून दुकानासमोर उभ्या राहायच्या, आणि दुकानात धान्यच नसायचं. तंबाखू काय उकडून खायची?

आमची मंडळी लहान. तरी ह्यांनी — म्हणजे पाळकसाहेबांनी — ठरवलं की देवळाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, आवारात रोज दुपारी कांजी शिजवायची, गावातल्या कुणालाही द्यायची. झालं! पंचांची बैठक बसली ती उठेचना. दावीदआप्पा म्हणून आमचे एक वडील पंच होते. त्यांचं म्हणणं, आधी घरच्यांना, मग बाहेरच्यांना. ते मान्य केलं तर दुसरं — आधी प्रार्थना, मग कांजी. बायबलातलं एक वचन हे काढायचे, एक आप्पा काढायचे. तिकडं पोरं भिंतीवरून डोकावतायत, आणि इकडं वचनावर वचन! शेवटी मी उठून म्हणाले, "आप्पा, देवाला तुमचं ऐकायला वेळ आहे हो. त्या पोरांच्या पोटाला न्हाय." आप्पा रागावले, पण चूल पेटली.

मग गावाची अडचण. ख्रिस्ती लोकांच्या हातचं कसं खायचं? त्यातून वाट काढली ती बाळव्वानं. आमच्या मागच्या गल्लीत राहायची. घरात म्हातारी सासू, कडेवर अंगावर पिणारी पोर तानी, नवरा पलटणीत गेलेला, त्याचा पत्ता नाही. ती एक दिवस आवारात आली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "पळी माज्या हातात द्या. मी ढवळते. मग बघू कोण खात न्हाय ते." तिच्यामागून गल्ली आली. गल्लीमागून गाव.

म्हणजे बघा, कौतुक करायचंच तर तिचं करायला हवं. पण मला ती आवडायची नाही. हे आधी कबूल करते, कारण पुढचं सगळं यातूनच आलं. बाळव्वा तोंडाळ होती. मीठ कमी आहे. काल शिजली न्हाय. आज पातळ हाय. रोज काहीतरी! धुरानं माझे डोळे सुजलेले, हात पोळलेले, घरोघर फिरून मूठमूठ पीठ मी गोळा करायची — आणि ही पळी उचलून सगळ्यांदेखत कांजी वरून खाली सोडायची, किती पातळ आहे ते दाखवायला.

पातळ होती का? होती. माणसं वाढत होती, पीठ घटत होतं. पाणी मीच वाढवत होते.

पाळकसाहेब ओळखून होते की मूठमूठ पिठानं गाव जगत नाही. आमच्या दयेनं भागणार नाही, सरकारनं धान्याचं दुकान उघडलं पाहिजे, असं ते सारखं म्हणत. निपाणीला खेटे घालून घालून त्यांच्या वहाणा झिजल्या. मामलेदार म्हणायचा, वर कळवलंय. आणि एक दिवस खरंच साहेब आला. लष्करातून धान्याच्या कामावर नेमलेला, नवा, मराठी-कानडीचा गंध नाही. मामलेदाराला त्यानं मुद्दाम मागं ठेवलं होतं. त्याच्यासमोर लोक खरं बोलणार नाहीत म्हणून. कळतंय ना तुम्हाला? तो माणूस खरं ऐकायला आला होता.

हे त्या दिवशी बेळगावला गेले होते, तिथल्या मंडळीकडं धान्य मागायला. गावात इंग्रजी येणारी मी एकटी. कॅम्पातल्या शाळेत शिकलेली, मेमसाहेबांच्या हाताखाली. म्हणून बायकांचं बोलणं साहेबाला सांगायचं काम माझ्याकडं आलं.

साहेब चुलीजवळ उभा राहिला. घासून लख्ख केलेलं पातेलं बघितलं, ओळीनं बसलेली माणसं बघितली, आणि टोपी काढून मला म्हणाला की इतकी नीट व्यवस्था मी या जिल्ह्यात कुठं पाहिली नाही. माझ्या कानांना ते किती गोड लागलं म्हणून सांगू! इतक्या दिवसांत कुणी मला चांगलं म्हटलं नव्हतं. आणि नेमक्या त्याच वेळी बाळव्वा पुढं सरसावली.

"आक्का, सांगा त्यास्नी. ह्या कांजीनं पोट भरत न्हाय. नुसतं पानी हाय. आमी चिंचोके उकडून खातोय. माजी म्हातारी आपल्या वाटणीचं मला देती नि आपण तशीच निजती. अंगावरचं दूध आटलंय माज्या. सांगा, दुकान उघडा म्हनावं."

साहेबानं माझ्याकडं बघितलं. ही काय म्हणते?

मी काय म्हणाले असेन?

माझ्या डोक्यात तिडीक गेली होती. नुसतं पाणी म्हणे! माझ्या हातावरचे फोड हिला दिसत नाहीत? पाहुण्यासमोर माझी शोभा करते? — बस, एवढंच. एवढ्यासाठी. मी साहेबाला इंग्रजीत म्हणाले, की ती म्हणते, देवाची कृपा आणि मंडळीची कांजी, यावर आमचं ठीक चाललंय.

त्याला ते पटलं नसावं. बाळव्वाच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मी ठीक चाललंय सांगत होते. त्यानं पुन्हा विचारलं, हळू, एकेक शब्द सुटा करून — या गावात कुणी उपाशी राहतं का?

तेव्हा तरी सांगता आलं असतं. तिडीक ओसरली होती, हे मला पक्कं आठवतं. पण आता सांगायचं म्हणजे आधीचं खोटं होतं असं म्हणायचं. त्या टोपी काढलेल्या माणसासमोर. मी म्हणाले, नाही. उपाशी कुणी नाही.

त्यानं सुस्कारा सोडला. म्हणाला, मग धान्य जिथं अशी मंडळी नाही तिथं पाठवतो. मोटारीत बसला आणि गेला.

दुकान पलीकडच्या गावात उघडलं. आमच्या बायका तिथं गेल्या तर तिथल्या लोकांनी हाकलून लावलं — तुमच्याकडं कांजी मिळतीया की! हे बेळगावहून दोन पोती घेऊन आले, ती संपली. पावसाच्या तोंडावर चूल विझली. बाळव्वाची सासू आधी गेली. मग तानी. हगवण लागली होती, असं सगळे म्हणाले. हगवणच लागली होती. पण ज्या पोरीच्या पोटात काही असतं ती हगवणीतून उठते, हे मला काय कळत नव्हतं?

तानीला पुरून आल्यावर बाळव्वा आमच्या दारात आली. मला वाटलं, हिला समजलं. मी उंबऱ्यातच थिजले. तिनं माझे हात धरले.

"आक्का, तुमी सांगितलासा. माज्या कानानं ऐकलं मी. साहेबाचं काळीजच दगडाचं, त्याला तुमी काय करणार?"

मी म्हणाले, "व्हय."

हे माझ्या मागं उभे होते. पुढच्या रविवारी त्यांनी उपदेशात तेच सांगितलं — आमच्या बहिणीनं सत्य सांगितलं, पण अधिकाऱ्याचे कान बंद होते. तिथून ती गोष्ट गावभर झाली, मंडळीतून मंडळीत गेली. तो साहेब कुठं असेल कोण जाणे. भला माणूस होता. त्याच्या नावानं इथं अजून बोटं मोडतात, आणि मी ऐकून घेते.

पुष्कळ वर्षांनी हे वारले आणि मी आजारी पडले. अंथरुणातून उठवत नव्हतं. मंडळीतली माणसं आली, प्रार्थना करून गेली. बाळव्वा मात्र रोज यायची. म्हातारी झाली होती तीही, चालताना भिंतीचा आधार घ्यायची. पदराखाली गरम भाकरी, वर लसणाची चटणी. मी म्हणायचे, कशाला गं त्रास घेतेस? ती म्हणायची, "आमच्यासाटनं त्या वक्ताला कोण बोललं? तुमीच न्हवं? खावा गप."

बसून राहायची समोर. मी खाईपर्यंत हलायची नाही.

आणि मी खाल्ली. रोज खाल्ली, पोटभर.