झोपून ये, मग बघू

आम्ही सगळ्या जिला पार्लरबाय म्हणायचो, ती आलेलं गिऱ्हाईक सरळ परत पाठवायची. वसईतल्या होळी गावात, भाजीच्या वाडीला लागून असलेल्या तिच्या घराच्या पुढच्या खोलीत तिचं पार्लर होतं. दोन खुर्च्या आणि फेशियलसाठी एक अरुंद खाट. बाई आत आली की ती आधी तिच्या डोळ्यांखाली बघायची आणि म्हणायची, "आज काही करत नाही. झोपून ये, मग बघू."

मलाही तिने असंच परत पाठवलं होतं. मी तेव्हा वसई पूर्वेला एका कारखान्यात पाळ्यांनी काम करत होते. साखरपुडा महिन्यावर आलेला, गालांवर मुरुमं, डोळ्यांखाली काळं. वापरून झालेली तीन क्रीमं मी पर्समधून काढून दाखवली. तिने एकाचंही झाकण उघडलं नाही.

"किती झोपतेस?"

"चार-पाच तास. तेही तुटक."

"मग क्रीम काय करणार? दिवसभरात कातडीची झीज होते, ती झोपेत भरून निघते. तू तिला वेळच देत नाहीस."

मी विनवण्या करून दिवसपाळी मागून घेतली. तिने सांगितलं तसा झोपण्याआधी चेहरा साध्या पाण्याने धुतला, उशीचा अभ्रा दोन दिवसांआड बदलला, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवला. मुरुमं सगळी गेली नाहीत, पण सुकली. साखरपुड्याच्या फोटोत मी निदान आजारी दिसत नाही.

फेशियल करताना बायका तिच्या खाटेवर झोपून जायच्या. ती त्यांना उठवायची नाही. पुढचीला ओठांवर बोट ठेवून बाहेर बसवायची. "घरी कोण झोपू देतंय हिला," एवढंच म्हणायची.

तिचा स्वतःचा चेहरा मात्र ओढलेला होता. डोळ्यांखाली आम्हा सगळ्यांपेक्षा गडद. एकदा मी कारण विचारलं, तेव्हा तिने आतल्या दाराचा पडदा बाजूला केला. पलंगावर तिचा नवरा होता. अर्धांगवायू होऊन चार वर्षं झाली होती. बोलता येत नव्हतं. दर दोन तासांनी कूस बदलावी लागे, नाहीतर पाठीला जखमा होत.

"झोप नसली की काय होतं ते मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "माणूस आधी चेहऱ्यावरून उतरतो, मग स्वभावावरून."

त्यानंतर मी रविवारी दुपारी जाऊन तिच्या नवऱ्याजवळ, म्हणजे अंकलजवळ, बसू लागले. कूस कशी बदलायची ते तिनेच शिकवलं. पडदा उघडा ठेवून ती फेशियलच्या खाटेवर आडवी व्हायची आणि दगडासारखी झोपायची. अंकल तिकडेच बघत राहायचे. एकदा बाहेर कुणीतरी मोटरसायकल सुरू करून ठेवली, तेव्हा त्यांनी आपला धड हात उचलून मला खुणेने सांगितलं, खिडकी लाव.

मागच्या वर्षी अंकल गेले. दफनाहून परतताना सगळ्या बायका तिला म्हणत होत्या, आता जरा झोप. पण तिला झोप येईना. "दोन तासांनी जाग येतेच," ती मला म्हणाली. "उठून पलंगापर्यंत जाते, मग आठवतं." दोन महिन्यांनी पार्लर बंद करून ती मुलीकडे नाशिकला गेली. निघताना तिने मला जवळ घेतलं नाही, नुसता गालावर अंगठा फिरवून कातडी कशी आहे ते पाहिलं.

परवा तिचा फोन आला. "काल सलग सहा तास झोपले."

मी म्हटलं, "बरं झालं, बाय."

ती म्हणाली, "उठले तर उजाडलेलं. पहिलं मनात काय आलं, तर त्यांना इतका वेळ एकाच कुशीवर ठेवलं."



"पोरगी म्हणते, चेहरा उजळलाय," ती म्हणाली. "मी अजून बघितला नाही."