नवीन आलेली लस

गल्लीत त्यांना ‘मनावर डॉक्टर’ म्हणत. तोंडावर नाही हं, पाठीमागे. कारण काहीही विचारा, तपासून झालं की हा माणूस स्टेथोस्कोप गळ्यात टाकून म्हणणार, “बघा बुवा, तुमच्या मनावर आहे.” इंजेक्शन हवंय? तुमच्या मनावर. नुसत्या गोळ्यांवर भागवायचंय? तेही तुमच्या मनावर. आणि लोकांना हे फार आवडायचं! मोठ्या हॉस्पिटलातले डॉक्टर अंगावर ओरडतात, मान वर न करता बोलतात. हे आपले समोर बसवून घेतात, म्हाताऱ्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करतात, वर कसली सक्ती नाही. दवाखाना कायम भरलेला. दोन बाकडी पुरायची नाहीत, माणसं पायरीवर बसायची.

आता हा स्वभाव काही जन्माचा नव्हता. तरुणपणी हेच डॉक्टर लसीवरून लोकांशी असे भांडायचे की विचारू नका. “पोराला घेऊन आला नाहीत तर मी घरी येऊन टोचीन,” असा दम भरायचे. मग एकदा एका मुलाला लस टोचली आणि त्याच दिवशी त्याला झटके आले. मुलाचा आजार मुळातला होता, लसीचा त्याच्याशी काही संबंध नव्हता, मोठ्या डॉक्टरांनीही तसंच सांगितलं. पण बापाचं डोकं फिरलेलं, त्याला कोण समजावणार? त्याने येऊन औषधांच्या कपाटाची काच फोडली आणि भरल्या दवाखान्यात डॉक्टरांची कॉलर धरली. बाकड्यावरचं एक माणूस मध्ये पडलं नाही. पुढे कितीतरी दिवस दवाखान्याकडे कुणी फिरकलं नाही, आणि त्या रिकाम्या बाकड्यांकडे बघत बसलेल्या डॉक्टरांनी मनाशी काय ठरवायचं ते ठरवून टाकलं.

लस वाईट, असं ते कधीच म्हणाले नाहीत, उगाच कशाला खोटं बोलू? कुणी मागितली तर देत. स्वतःच्या मुलांना तर वेळच्या वेळी सगळ्या दिल्या. पण आपणहून ‘ही घ्या’ म्हणणं बंद. बायकोने एकदा टोकलं, “घरच्यांना एक न्याय आणि बाहेरच्यांना एक, हे काय हो?” तर म्हणाले, “घरचे कॉलर धरत नाहीत.”

दवाखान्याच्या बरोबर समोर घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचं दुकान होतं आणि वर त्यांचं घर. म्हातारा घड्याळवाला वारला, आता मुलगा डोळ्याला भिंग लावून बसायचा. त्याची बायको, घरची सून, पहिलटकरीण होती, बोलकी आणि जरा घाबरट. डॉक्टरांवर तिचा इतका विश्वास, की उचकी लागली तरी रस्ता ओलांडून यायची. सासू बरोबर असायचीच. सातवा सरला तेव्हा एकदा निघता निघता दारात थांबून तिने विचारलं, “काका, अजून काही घ्यायचं असतं का हो? एखादं इंजेक्शन वगैरे?”

घ्यायचं असतं, हे डॉक्टरांना पुरतं ठाऊक होतं. डांग्या खोकल्याची लस शेवटच्या महिन्यांत आईला दिली की तिची ताकद पोटातल्या बाळाला मिळते, आणि बाळाची स्वतःची लस सुरू होईपर्यंत त्याला पुरते. त्यांनी तिच्या पोटाकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं. पहिलंच बाळ. उद्या काही कमीजास्त झालं, तर सुईवर खापर फुटणार आणि सुई कुणाची? आपली. “काही नको गं,” ते म्हणाले. “नीट जेव, नीट झोप.” या वेळी तुमच्या मनावर आहे असंसुद्धा म्हणाले नाहीत.

मुलगी झाली. काळ्याभोर जावळाची, हातपाय झाडणारी. डॉक्टर स्वतः बघून आले. त्याच सुमारास घड्याळवाल्याला खोकला लागला होता, असतो तसा साधा, कामात कुणी लक्षही दिलं नाही. मग मुलगी खोकायला लागली. खोकता खोकता तिचा श्वास अडायचा, ओठ निळे पडायचे. सून तिला घेऊन धावत आली. डॉक्टरांनी तो खोकला एकदा ऐकला मात्र, आणि मुलीला तिच्या हातातून घेऊन तसेच गाडीकडे पळाले. पायात चपला नाहीत, दवाखाना उघडा टाकलेला. तिला लसीची पहिली सुई द्यायचं वय अजून व्हायचं होतं. ते झालंच नाही. मोठ्या हॉस्पिटलात यंत्रांच्या मध्ये ती डांग्या खोकल्याने गेली.

आणि लोक काय म्हणाले? “काय देवमाणूस आहे! स्वतःच्या नातीसारखं उराशी धरून पळाला.” घड्याळवाला येऊन डॉक्टरांच्या पाया पडला. सासू म्हणाली, “तुम्ही तुमच्याकडून काही कमी केलं नाहीत, डॉक्टर.” कॉलर धरली असती तर बरं झालं असतं, असं वाटलं हो त्या माणसाला. त्यांना जेवण जाईना. बायकोला कारण कळलं होतं, पण तिने तोंड उघडलं नाही, आणि ते न उघडलेलं तोंड त्यांना रोज समोर दिसायचं.

काही काळाने सुनेला पुन्हा दिवस गेले. झालं! डॉक्टरांचा जीव टांगणीला लागला. लस द्यायचीच, यात त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. पण लस आहे असं सांगितलं, की ती विचारणार, मागच्या वेळी का नाही सांगितलंत? दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवावी, तर तो सांगणार, ही लस आधीपासूनच आहे. एकेक महिना पुढे जात होता. शेवटी एक दिवस त्यांनी तिचा रक्तदाब घेतला, पट्टा गुंडाळत खाली मान घालून म्हणाले, “एक लस घ्यायचीय. डांग्या खोकल्याची. म्हणजे बाळाला होत नाही.”

सून बघतच राहिली. “त्याची लस असते?” आणि मग तिनेच, त्या भोळ्या पोरीने, वाट करून दिली. “नवीन निघाली का, काका?”

डॉक्टरांनी पट्टा पेटीत ठेवला. “हो,” म्हणाले. “नवीन आलीय.”

तिचे डोळे भरून आले. “थोडी आधी निघाली असती तर माझी सोनी वाचली असती हो,” म्हणाली आणि बाही वर सरकवून दंड पुढे केला. सुई टोचून होईपर्यंत डॉक्टरांनी मान वर केली नाही, आणि तिला वाटलं, किती मन लावून करतात.

मुलगा झाला, ठणठणीत. मग तर तिच्या तोंडाला खळच नाही. दुकानात घड्याळ द्यायला येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगायची, “आमच्या डॉक्टरांनी नवीन लस आणलीय, दिवस असतील तर जाऊन घ्या.” आणि गंमत बघा, बायका येऊ लागल्या! ज्या गल्लीत सुईचं नाव काढलं की आज्या पदर खोचून भांडायला उठायच्या, तिथे बायका आपणहून दंड पुढे करून विचारायच्या, “ही ती नवीनच ना?” डॉक्टर म्हणायचे, हो. दरवेळी हो. लोकांचं भलं होत होतं आणि डॉक्टर आतून कुरतडले जात होते. नाव मात्र झालं, आधी नव्हतं इतकं.

त्या दिवशी सून मुलाला त्याच्या लसीसाठी घेऊन आली होती. बाकड्यावर शेजारी एक गरोदर मुलगी आणि तिच्याबरोबर परगावाहून आलेली तिची मावशी. डॉक्टर पडद्यामागे कुणाचा तरी कान तपासत होते. बाहेर सुनेची टकळी चालू. “आम्ही पहिल्या ज्यांनी घेतली. अगदी नवीन आलीय.”

“नवीन कुठली?” मावशी म्हणाली. “माझ्या सुनेला दिली होती की. तिचा मुलगा आता शाळेत जातो.”

“ती वेगळी असेल, मावशी.”

“वेगळी कशी? डांग्या खोकल्याचीच. सातव्या महिन्यात.”

“काहीतरीच काय!” सुनेचा आवाज चढला. “असती तर काकांनी मला सांगितली नसती? अनवाणी पळाला हो हा माणूस माझ्या पोरीला घेऊन!”

मावशी वरमली. “असेल बाई. माझीच काहीतरी गफलत होत असेल.”

मिटलं होतं सगळं. डॉक्टरांनी पडद्यामागे नुसतं उभं राहायचं होतं, बस्स. पण ते पडदा सारून बाहेर आले. सून हसून म्हणाली, “काका, सांगा ना हो यांना.”

“मावशींची गफलत नाही,” डॉक्टर म्हणाले. “लस तेव्हाही होती. मला माहीत होतं. टोचायला घाबरलो.”

तिला आधी कळलंच नाही. चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं. मग म्हणाली, “पण मी विचारलं होतं तुम्हाला.”

“हो.”

“इथे दारात उभं राहून विचारलं होतं ना?”

“विचारलं होतंस, पोरी.”

ती उठली. मुलाचं टोपडं नीट केलं, त्याला छातीशी धरलं आणि रस्ता ओलांडून गेली. त्याची लस राहिलीच.

डॉक्टर मागोमाग गेले. दवाखाना भरलेला तसाच टाकून जिना चढले, दार वाजवलं. सासूने दाराची फट केली. डॉक्टरांनी हात जोडले. “माझ्याकडून नको. माझं तोंडही बघू नका. कुठल्याही डॉक्टरकडे न्या, पण त्याची लस चुकवू नका. मी सांगतोय म्हणून नाही...” पुढे कसं म्हणावं तेच त्यांना सुचेना. म्हणूनच तर आजवर सगळे घेत होते, ते सांगतायत म्हणून.

सासू आत विचारून आली. “ती म्हणते, ज्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला त्याने असं केलं, आता कुठल्याच डॉक्टरचं काही ऐकायचं नाही. सुईसुद्धा नको म्हणते.” म्हातारीला राग काही जमेना. दार लावता लावता सवयीने म्हणाली, “सावकाश उतरा हं डॉक्टर, जिन्यात उजेड नाही.”