पारिजातकाच्या मुळ्या

इंदिरानगरातल्या आमच्या रो-हाऊसच्या मागे सांडपाण्याचं चेंबर आहे आणि त्याला खेटून पारिजातक. हे गेले त्याच्या पुढच्याच वर्षी चेंबर तुंबलं. दुकानातली पावडर आणून ओतली. माझे डोळे चुरचुरले, पाणी मात्र ढिम्म हललं नाही. परदेशातून मुलगा म्हणाला, प्रेशरची गाडी बोलाव. लांबून त्याला सगळंच सोपं दिसतं.

शेजारणीने एका प्लंबरचा नंबर दिला. मूळचा पेठ तालुक्यातल्या खेड्यातला, आता इथे अंबडला राहणारा. त्याने झाकण उचलून दाखवलं: झाडाच्या मुळ्या पाइपाच्या सांध्यातून आत शिरल्या होत्या. पावडरीला त्या दाद देणार नाहीत, आणि प्रेशरने जुना पाइप फुटेल, असं त्याचं म्हणणं. पाइपात लांब लोखंडी स्प्रिंग घालून ती फिरवून मुळ्या कापता येतील, पण चार-पाच महिन्यांत त्या परत येणार. नाहीतर मागचं अंगण खणून बिनसांध्याचा नवा पाइप टाकायचा, म्हणजे कटकट कायमची गेली.

खणाखणीचा पसारा नको म्हणून मी स्प्रिंग निवडली. काम झाल्यावर तो हातपाय धुऊन मागच्या पायरीवर बसला. गावाकडची नागली, आईचे दुखरे गुडघे, काय काय सांगत राहिला. चहात साखर कमी आहे म्हणाला. या घरात असं कुणी कितीतरी दिवसांत म्हणालं नव्हतं.

दिवाळीनंतर परत तुंबलं तेव्हा मला चक्क आनंद झाला. तो येणार म्हणून चिवडा केला. पाइपाचा विषय निघाला, तो मी उडवून लावला. आई, तू चुकीचा उपाय निवडतेयस, असं मुलगा फोनवर म्हणाला. असेल.

यंदा तुंबलं तेव्हा मात्र तो पाइप घेऊनच आला.

"मावशी, दर टायमाला तुमचं पाणी अडतं, मला बरं नाय वाटत. आता कायमचंच करून टाकतो."

नको म्हणायला तोंड कुठे होतं? एकटीला करमत नाही, हे काही प्लंबरला सांगायचं कारण होत नाही. त्याने झाड सांभाळून नीट खणलं, पाइप टाकला, चहा घेतला.

"आता बघायला नको, मावशी," तो जाताना म्हणाला.

कप विसळताना मला रडू आलं. पाणी सुरळीत निघून गेलं.

काल स्वयंपाकघरातला नळ ठिबकायला लागला. वायसर बदलायचं काम, ते माझं मला येतं. मी त्याला फोन लावला आणि चहाच्या डब्याशेजारी साखरेचा डबा काढून ठेवला.