कळस, कमान आणि शोभाताईंचा कापूस

भांडण करायला कुणी पुण्याहून बुलढाणा जिल्ह्यात जातं का? मी गेले.

फावल्या वेळात मी, सगळ्यांनी मिळून भरायचा असतो त्या इंटरनेटवरच्या खुल्या नकाशात माहिती भरते. चिखलीजवळच्या एका खेड्याच्या वेशीवर कमान आहे. फोटोवरून अंदाज करून मी तिची उंची लिहिली एकवीस फूट, पायापासून कळसापर्यंत. देऊळघाटचे टेम्पोवाले रफिकभाई ती खोडून बारा करायचे. मी परत एकवीस. असं सात वेळा झालं. शेवटी त्यांचा निरोप आला, "मॅडम, आमची गाडी कयसावरून जात नाही, खालून जाते. एकदा येऊन तं पाहा." माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. लेझरचं मोजयंत्र घेतलं आणि एसटीत बसले.

जाणाऱ्यांसाठी: जालन्यापर्यंत रस्ता बरा, पुढे कंबर सांभाळा. चिखलीत साधी लॉज मिळते. दिवस हाताशी असेल तर शेगावला दर्शन आणि कचोरी, दोन्ही करा. मला दोन्ही जमलं नाही.

सकाळी कमानीपाशी रफिकभाई टेम्पो घेऊन हजर. मागे शेतकरी शोभाताईंचा कापूस, दोन्ही अंगांनी फुगलेला. शोभाताई स्वतः केबिनमध्ये. "बीटी हाय म्हणे, अळी येत नाही! बोंड फोडलं का आत गुलाबी बाई बसेल," त्या म्हणाल्या. "चार वेचे निघत, औंदा दोनच. हाये तो सारा हाच."

माल बारा फुटांच्या जरा वर गेला होता, म्हणून रफिकभाई लांबच्या रस्त्यानं जाणार होते. मी म्हटलं, थांबा. मोटारसायकली अंगावर येत होत्या म्हणून कडेला नालीपाशी उभी राहिले, यंत्र वर धरलं. साडेबारा!

"जाते गाडी! बिनधास्त घाला!"

रफिकभाईंनी शोभाताईंकडे पाहिलं. "पुण्याची मशीन हाय," त्या म्हणाल्या. "घाल बापा."

अर्धी गाडी गेली आणि फर्रकन ताडपत्री फाटली. कापूस भसाभस रस्त्यावर. शोभाताई केबिनमधून उडी मारून ओरडल्या, "अवं, धर ना बाई! खाली पडला तं कचरा लागते, मंग भाव कोन देते?" मी ओढणी पसरली. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं मला.

गाडी मागे घेतली. रफिकभाईंनी वेळू आणून रस्त्याच्या मधोमध उभा केला आणि त्यांचाही चेहरा पडला. पावणेबारा. मी मोजलं होतं ती नालीकडची कड रस्त्यापेक्षा खोल होती. "दरसाल जुन्यावरच नवं डांबर टाकतेत. कमान हाय तिथंच, रस्ता वर येऊन राह्यला. माह्यं माप दोन सालांचं जुनं."

"म्हंजे दोघंबी येडे," शोभाताई म्हणाल्या. "चढा वर, तुडवा!"

आम्ही तिघं कापसावर चढून नाचलो. गुडघ्यापर्यंत रुतत होते, आणि खरं सांगते, मजा आली. मग पुन्हा दोर आवळले आणि गाडी अलगद निघाली. तिथंच वेशीवर भाकर-ठेचा खाताना आमचा तह झाला: कळसापर्यंतची उंची वेगळी लिहायची, गाडी जाण्याची वेगळी, ती रस्त्याच्या मध्यावरूनच मोजायची आणि सोबत मोजल्याची तारीख.

चिखलीच्या बाजारात गाडीतल्या मालाला चांगला भाव लागला. रस्त्यावरून ओढणीत गोळा केलेलं, काडीकचरा लागलेलं गाठोडं मात्र व्यापाऱ्यानं बाजूला सारलं. शोभाताईंनी ते माझ्या पुढ्यात ठेवलं, "तुह्या मशीनचं काम हाय, तूच निवड." दुपारपर्यंत मी काडी-काडी वेचत बसले. मग तेही गेलं, त्याच भावात. तेव्हा कुठे शोभाताई हसल्या.

घरी येऊन नकाशा उघडला. नुसत्या फोटोंवरून मी आणखी एकेचाळीस कमानींची उंची लिहून ठेवली होती. एकीखालूनही कधी गेले नव्हते. एकेचाळीसच्या एकेचाळीस आकडे पुसले. ती जागा रिकामी दिसली तर एखादा गाडीवाला खाली उतरून मोजेल. माझा आकडा पाहून तो उतरला नसता.