निफाडच्या धुरात सोडलेले चेंडू

जायचं माझ्या अगदी जिवावर आलं होतं. जानेवारीची थंडी, दोन्ही गुडघे कुरकुरणारे आणि त्यात पुणे-नाशिक रस्ता! पण निवड समितीच्या अध्यक्षांचा फोन आला. राज्याच्या महिला वन-डे संघाच्या शिबिरात बॅटरची एकच जागा उरली होती. नाशिककडच्या दोन मुली दावेदार, दोघींचे मोसमातले आकडे जवळपास सारखे. "तुम्ही डोळ्यांनी बघा आणि एक नाव द्या," ते म्हणाले. आकडे सारखे आले की यांना माझी आठवण होते. मी बरं म्हणाले आणि स्वेटर शोधायला लागले.

या प्रवास-सदराचे वाचक मला घाट, देवळं आणि मिसळीसाठी ओळखतात. खरं तर माझ्या निम्म्या सहली अशाच मैदानांच्या निमित्ताने होतात. मी राज्याकडून बरीच वर्षं सलामीला खेळले, आता साठी ओलांडली आणि दुसऱ्यांची बॅटिंग बघून अहवाल लिहिते. हौस म्हणाल तर ती कधीच फिटली, आता सवय उरली आहे.

शिवाजीनगरहून ई-बस घेतली. सकाळी निघणार असाल तर थंडीच्या दिवसांत उजवीकडची खिडकी पकडा, ऊन अंगावर येतं. पाच तासांचा रस्ता म्हणतात, तुम्ही सहा धरून चला. नारायणगावला अडकलो, आळेफाट्याला अडकलो, संगमनेरला चहाला थांबलो तेव्हा माझ्या कंबरेचा काटा ढिला झाला होता. शेजारच्या काकू येवल्याला पैठणी घ्यायला निघाल्या होत्या, पुतणीच्या लग्नासाठी. "तुम्ही कशाला निघालात?" म्हणाल्या. मी म्हटलं, "मॅच बघायला." त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, मग माझ्या पांढऱ्या केसांकडे, आणि सिन्नर येईपर्यंत एक अक्षर बोलल्या नाहीत.

नाशिकला स्टँडवर मंगल आली होती, तिची जुनी खडखडणारी गाडी घेऊन. मंगल म्हणजे माझी सलामीची जोडीदार. आयुष्यातली उमेदीची वर्षं आम्ही दोघी एकाच खेळपट्टीच्या दोन टोकांना उभ्या राहून काढली. आता ती नाशिकला मुलींना शिकवते. आणि त्या दोन दावेदारांपैकी एक, प्राची, तिचीच शिष्या. हे मी अध्यक्षांना आधीच सांगितलं होतं. ते म्हणाले, "तुम्ही मैत्रिणीलाही तोंडावर वाईट बोलता, म्हणूनच तुम्हाला पाठवतोय." घ्या, आता काय बोलणार यावर!

मी लॉज बघणार होते. मंगलने ऐकूनच घेतलं नाही. "निशे, माझ्या घरी भाकरी मिळते, लॉजवर ढेकूण मिळतील," म्हणाली आणि बॅग डिकीत टाकली. वाटेत प्राचीबद्दल ती चकार शब्द बोलली नाही. जेवताना मात्र राहवलं नाही. प्राची पंचवीस वर्षांची आहे, शाळेत खेळाची शिक्षिका म्हणून तात्पुरती लागली आहे. आता शाळा तिला कायम करते आहे, पण मोसमात महिना-महिना रजा मिळणार नाही. शिबिराची यादी लागेपर्यंत तिने उत्तर लांबवलं होतं. यादीत नाव आलं तर ती नोकरी नाकारणार, नाही आलं तर शाळेत रुजू होणार आणि क्रिकेट रविवारपुरतं राहणार. "तुला माहीत असावं म्हणून सांगितलं," मंगल म्हणाली.

दुसऱ्या दिवशी घोटी. आधी नाशिकची मिसळ खाल्ली, कारण ती न खाता गेले असते तर तुम्हीच मला सोडलं नसतं. पापड, दही, वर जिलबी, शंभर-सव्वाशेत पोट टम्म. रस्सा वाढणाऱ्याने विचारलं, "मावशी, काळा की लाल?" मी म्हटलं, "जो कमी जाळेल तो." तो हसला आणि काळा वाढून गेला. दिवसभर छातीत जळजळत होतं.

घोटीचं मैदान भाताच्या गिरण्यांच्या मागे आहे. कोंड्याचा वास, मधूनच उडणारं तूस. खेळपट्टी अशी की चेंडूचा टप्पा पडला की तो जागीच बसायचा. इथे दुसरी दावेदार खेळत होती, कोमल, जवळच्याच गावातली. तिची बॅटिंग बघताना मी दोनदा डोळे मिटले. बॅट भलतीकडून यायची, पाय भलतीकडे जायचे. पण ती गुडघ्यात वाकून, चेंडूच्या उंचीला जाऊन आडवी बॅट फिरवत होती आणि चेंडू रिकाम्या जागेत जात होता. सत्तरच्या पुढे गेली. नंतर मी तिला विचारलं, असं खेळायला कोणी शिकवलं?

"कोणी नाय मॅडम. बॉल लय खाली राहत होता. मग म्हटलं, आपण पण खालीच जाऊ."

मी वहीत लिहिलं, 'दिसायला वाईट, विचार चांगला.' मंगलने माझ्या खांद्यावरून डोकावून वाचलं आणि नाक मुरडलं. "हिला ओल्या विकेटवर उभी कर, मग बघू," म्हणाली. तेही खरंच होतं. परतीच्या वाटेवर मी गाडीत झोपून गेले.

तिसऱ्या दिवशी निफाड. त्या पहाटे पारा एवढा उतरला होता की मंगलच्या गाडीच्या काचेवर बर्फासारखा पातळ थर होता. चांदोरी मागे टाकलं आणि धूर सुरू झाला. कडाक्याची थंडी पडली की इथले द्राक्षवाले बागेत जागोजागी शेकोट्या पेटवतात, ओलसर पालापाचोळा टाकून नुसता धूर धरतात. मैदानाच्या तीन बाजूंना बागा. आम्ही पोचलो तेव्हा बॉलरच्या मागची पांढरी साइटस्क्रीन दिसत नव्हती. कुंपणापाशी कानटोपी घातलेले एक बागवाले उभे होते. "दादा, हा धूर किती वेळ?" मी विचारलं.

"धा-साडेधापर्यंत राहतोय बघा ताई. आज लय गार हाय. नाय केलं तर घड तडकत्यात," म्हणाले, आणि मला शेकोटीजवळ बसायला खोकं दिलं. डोळे चुरचुरत होते, पण पाय शेकले गेले. तीन दिवसांतलं ते पहिलं सुख.

आता इथली खेळपट्टी सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. सकाळी दवाने ओली, गवत हिरवं, चेंडू दोन्हीकडे हलतो, आणि त्यात धुरातून येणारा चेंडू शेवटच्या क्षणी दिसतो. ऊन चढलं की तीच खेळपट्टी कोरडी, साधी, धावांनी भरलेली. त्यामुळे थंडीत इथे टॉस जिंकला की फिल्डिंग घ्यायची, हे शेंबडं पोरही सांगेल.

प्राची कॅप्टन होती. तिने टॉस जिंकला आणि म्हणाली, "बॅटिंग."

समोरच्या कॅप्टनने तिला पुन्हा विचारलं. मग आनंदाने उड्याच मारत परत गेली. मी मंगलकडे बघितलं. ती थर्मासमधून चहा ओतत होती. तिला जरासुद्धा आश्चर्य वाटलेलं नव्हतं.

प्राची सलामीला आली. आणि काय सांगू, पहिला तास मी श्वास रोखून बघितला! ऑफस्टंपच्या बाहेरचा चेंडू ती सोडत होती तो असा, की मान स्थिर, हात वर, बॅट चेंडूच्या वाटेतून वेळेवर बाजूला. समोरच्या टोकाला दोघी-तिघी बावरून, बॅट फिरवून गेल्या. ही उभी. त्या धुरात तिला चेंडू कसा दिसत होता देव जाणे. मला माझेच दिवस आठवले आणि डोळ्यात पाणी आलं. धुराने नाही, खरोखर आलं.

मग ऊन वर आलं. धूर विरळ झाला, साइटस्क्रीन पांढरी दिसायला लागली, दव सुकलं. त्यांनी स्पिनर आणली, एक घाबरलेली नवखी मुलगी. तिने पहिलाच चेंडू फुलटॉस टाकला. प्राचीने तो हळूच अडवला. नंतर एक आखूड आला. तोही अडवला. पुढचा बाहेर होता, तो सोडला, तसाच सुंदर. मी मनातल्या मनात ओरडत होते, "अगं मार ना, बाई! आता मार!" प्रत्येक चेंडू सोडून झाला की ती डोळ्याच्या कोपऱ्यातून आमच्या शेकोटीकडे बघत होती.

पुढच्या षटकात एक चेंडू पडून आत आला. प्राचीने बॅट वर उचलली, फोटो काढावा इतकी छान, आणि मधली दांडी गेली. अकरा धावा.

बाकीचा संघ शंभरीच्या आत गारद झाला. दुपारी कोरड्या खेळपट्टीवर समोरच्या मुलींनी त्या धावा हसतखेळत काढल्या. त्याआधी, जेवणाच्या सुट्टीत, मी प्राचीला पाण्याच्या टाकीपाशी गाठलं. तिचे डोळे लाल होते.

"तो फुलटॉस का नाही मारलास?"

"मॅडम, तुम्हाला बॉल सोडणारी बॅटर आवडते ना? मंगलताईंनी सांगितलं होतं, पहिला तास काढ, निशामॅडम तेच बघतात. बाकी चुकीचा शॉट मारून आउट झालीस तर त्या नाव खोडतील."

"आणि टॉस?"

"ताई म्हणाल्या, दुपारच्या शंभर धावांना तुमच्या लेखी काही किंमत नाही. म्हणून सकाळीच बॅटिंग घेतली." ती खाली बघत म्हणाली, "मी चांगलं सोडलं का, मॅडम?"

मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि "फार चांगलं सोडलंस" म्हणाले. मला त्या मुलीची दया येत होती आणि मंगलचा संताप, आणि दोन्ही एकदम सहन करायची माझ्या अंगात ताकद नव्हती.

परतताना गाडीत मी मंगलवर तोंड सोडलं. "अगं, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? कॅप्टन आहे ती! संघ हरवलास तू, माझ्यासमोर नमुना मांडायला!"

मंगलने गाडी चांदोरीच्या टपरीपाशी बाजूला घेतली. इंजिन बंद केलं. "मग मी काय करायला हवं होतं? आपण खेळत होतो तेव्हापासून तू एकच रेकॉर्ड लावतेस. ओल्या विकेटवरच्या वीस धावा दुपारच्या साठांपेक्षा मोठ्या. जी सोडते तीच खरी बॅटर. मी तुझं ऐकलं, निशे. मी तिला तुझ्यासारखी केली."

"मी सोडत होते ते नंतर मारायला. सोडून दाखवायला नाही."

"हे तू कधी सांगितलंस?"

दोघींनी चहा घेतला. चहा गार होता आणि कोणीच तक्रार केली नाही. मग मी तिला तिथेच सांगून टाकलं की मी कोमलचं नाव देणार आहे. कोमल समोर आलेला चेंडू खेळते. प्राची आज मला खेळत होती. शिबिरात, सामन्यात मी कुठे असणार आहे?

मंगलने इंजिन पुन्हा सुरू केलं. "मला दुपारीच कळलं होतं," म्हणाली. "तिला मीच सांगते. तू नको सांगूस."

सकाळी स्टँडवर तिने मला द्राक्षांची पेटी दिली, प्राचीच्या आईने पाठवलेली. निर्णय कळायच्या आधी पाठवलेली की नंतर, ते मी विचारलं नाही. परतीच्या बसमध्ये बारामतीचा एक कंपू मागे गाणी म्हणत होता आणि माझी जागा नेमकी चाकावर आली होती. घरी पोचल्यावर मी दोन दिवस पलंगावरून उठले नाही. पेटीतली द्राक्षं गोड होती, शेजारीपाजारी वाटली, मला स्वतःला दोन-चारच गेली.

प्राची शाळेत रुजू झाली, हे मंगलने एका ओळीत कळवलं. नंतर पंधरा-वीस दिवस काही नाही. मग एका रविवारी संध्याकाळी फोन.

"निशे, आज निफाडला मॅच होती. समोरच्यांनी टॉस जिंकून आमच्या पोरींना बॅटिंग दिली. तोच धूर, तीच ओल." मंगल थांबली. "प्राचीने पहिला तास काढला. स्पिनर आली तशी पुढे सरसावून तिला डोक्यावरून मारली. शंभर केले गं. नाबाद."

"तू काय म्हणालीस तिला?"

"मी नव्हतेच. तीच म्हणाली होती, ताई, आज येऊ नका. मला स्कोअररने सांगितलं."

मला एकाच वेळी इतकं बरं आणि इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं. यादी केव्हाच गेली होती. कोमलची निवड चुकली असं मला आजही वाटत नाही, आणि त्या शंभर धावांचं काय करायचं तेही मला कळत नाही. त्या कुठल्याच अहवालात नाहीत.

निफाडला जाणार असाल तर थंडीत जा, पहाटे पोचा, कानटोपी आणि डोळ्यांना चष्मा हवाच. मैदानात तिकीट नाही, कुंपणापाशी कोणीही शेकोटीजवळ जागा देतं. थंडी संपायच्या आत मीही एका रविवारी प्राचीला बघायला जाणार आहे, गुडघे काही का म्हणेनात. पदर डोक्यावरून घेईन, बागेच्या बाजूला त्या कानटोपीवाल्या दादांशेजारी खोक्यावर बसेन, वही घरी ठेवीन. मंगललाही सांगणार नाही.