खिंड मी ओलांडलीच नाही

इथले अनुभव मी बरेच दिवस वाचतो आहे. खरं सांगतो, टिंगल करायलाच वाचत होतो. आमचं वर्ध्याजवळच्या सिंदी रेल्वे या गावात सरकी-ढेपेचं दुकान. दिवसभर गुरांच्या खाद्याचा धंदा करणाऱ्या माणसाला भुताखेतांसाठी फुरसत कुठली... कुणी चकव्याचा, मुंज्याचा विषय काढला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "काल किती घेतलती?" तरी आज लिहायला बसलोय. कारण जे घडलं ते माझ्या बाबतीत घडलंच नाही. ते मी नसताना, माझ्या नावानं घडलं. आणि त्याची लाज मात्र मी इतकी वर्षं बाळगून आहे.

१९९८ सालची गोष्ट. दिलीप माझा बालमित्र. शेतकरी घरातला, गावातल्याच शाळेत चित्रकलेचा मास्तर. त्याच्या हाती कुठून तरी हिमालयाचा नकाशा लागला आणि त्या हिवाळ्यात त्याला दुसरं काही सुचेना. किन्नौरमधून पायी निघायचं, गावागावांत लोकांच्या घरी मुक्काम करत वर चढायचं, आणि शेवटी बर्फाची खिंड ओलांडून पलीकडे स्पितीत उतरायचं. संध्याकाळी दुकान बंद झालं की ढेपेच्या पोत्यांवर नकाशा पसरायचा. दिलीपनं प्रत्येक गाव वेगळ्या रंगानं रंगवलं होतं. कुठल्या गावात जवसाची चटणी संपेल आणि शेंगदाण्याचे लाडू कुठपर्यंत पुरतील, यावर आमची भांडणं व्हायची. त्या भांडणांत जे सुख होतं ते पुढे मला कशातच मिळालं नाही.

सराव कुठे करायचा हा मोठा प्रश्न होता. आमच्या भागात चढ म्हणजे बोर धरणाची भिंत. दर रविवारी दिलीपच्या राजदूतवर हिंगणीला जायचं, पाठपिशव्यांत सरकी ठासून भरायची आणि भिंत चढायची, उतरायची, परत चढायची. वर मे महिन्याचं ऊन. दोघांपैकी एक बसला की दुसरा म्हणायचा, "काऊन बे, ढेप भिजली का?" ढेप भिजली की फुगून जड होते, म्हणून. तिथे मासे धरणारा एक म्हातारा आम्हाला दर खेपेला पाहायचा. एकदा न राहवून त्यानं विचारलंच, "काय हरवलं हो तुमचं इथं?"

थंडीचाही सराव केला! वर्ध्याला ओळखीच्या माणसाचा बर्फाचा कारखाना होता. बाहेर अंगाची लाही होत असताना आम्ही दोघं आत माकडटोप्या घालून बर्फाच्या लाद्यांशेजारी बसायचो. कारखान्यातली माणसं दारातून डोकावून हसायची. आता मलाही हसू येतं. चढ झाला, वजन झालं, थंडी झाली... पण वर हवा विरळ असते, ती विरळ हवा सपाटीवरच्या माणसाला कुठे मिळणार? आम्हाला वाटलं, जरा जास्त धाप लागेल, एवढंच.

आमच्याकडे माणूस काही करून आला की सत्कार होतो आणि करायला निघाला तरीही होतो. आमचाही झाला. शाल, श्रीफळ, स्टेशनच्या रस्त्यावर आमच्या फोटोंचा फलक, खाली 'हिमालयवीर'. भाषणं झाली. माझे बाबा कधी कुणाच्या कार्यक्रमाला जायचे नाहीत. त्या दिवशी ते इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत बसले होते. माझं नाव पुकारलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. मग बँड लावून आम्हाला गाडीत बसवून दिलं.

आणि वरच्या पहिल्याच उंच गावात मी आडवा झालो.

डोकं फुटायला आलं होतं, पोटात पाणी ठरत नव्हतं, दोन पावलं टाकली की डोळ्यांपुढे अंधार. ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि दिलीपला सांगितलं, "इनको नीचे ले जाओ. आज ही." दिलीपही माझ्याबरोबर परत फिरणार होता. मीच त्याला हात जोडले. म्हटलं, "तू जाय. एवढा मोठा सत्कार घेतला बे आपण. एकानं तरी जायले पायजे ना." पुढच्या गावांकडे मेंढ्या घेऊन जाणारे काही लोक होते, त्यांच्याबरोबर तो गेला. जाताना तीन-चारदा मागे वळून पाहिलं त्यानं. मला खेचरावर बांधून खाली आणलं.

खाली उतरल्यावर लगेच बरं वाटलं. ही तर जास्तच लाजेची गोष्ट झाली. ताप नाही, हाड मोडलेलं नाही, दाखवायला अंगावर साधा ओरखडा नाही. गाडीत बसलो आणि मनात एकच — त्या फलकाखालून घरी कसं जायचं? पहिल्या रांगेत बसलेले बाबा काही डोळ्यांपुढून हलेनात. शेवटी मी नागपूरलाच उतरलो, अमरावतीच्या एस.टी.त बसलो, तळेगावला गाडी बदलली आणि आष्टी गाठली. तिथे माझी मोठी बहीण दिलेली आहे. ताईला म्हटलं, "घरी सांगू नको व. काही दिवस राहू दे." ती म्हणाली, "राह्य ना. पण फुकट नाई राह्यचं, कामं लय आहेत." मी तोंड लपवून राहिलो. भाऊजींनी काही विचारलं नाही, हे त्यांचे उपकारच.

जून अर्धाअधिक सरल्यावर हिय्या करून सिंदीला आलो. तब्येत बिघडली म्हणून परतलो, एवढंच घरी सांगितलं. मधले दिवस आष्टीत काढले हे सांगायला जीभ रेटली नाही. सगळे समजले की मी सरळ पहाडातून आलो. बाबा म्हणाले, "आला ना धडधाकट, झालं." त्यानंच मला जास्त मेल्यासारखं झालं.

चार-सहा दिवसांत दुकानात दिलीपचा फोन आला. माझ्या थोरल्या भावानं, दादानं उचलला. "हाव, आला ना तो, इथंच आहे," म्हणून माझ्या हातात दिला. पलीकडे दिलीप रडत होता. चांगला मोठा माणूस, भर एस.टी.डी. बूथमध्ये ढसाढसा रडत होता. मला वाटलं, मोहीम पार पडली त्याचा आनंद असेल.

तो आला, आणि गावानं पुन्हा सत्कार ठेवला. मी मागे उभा होतो. दिलीप माईक हातात घेऊन म्हणाला, "मले शाल नका देऊ. ह्याले द्या. हा नसता तं म्या आज इथं नसतो." आणि सगळ्यांसमोर त्यानं सांगायला सुरुवात केली.

खिंडीच्या दिवशी धुकं आलं, मेंढ्यावाले पुढे निघून गेले, आणि तो वाट चुकला. बर्फात बसून राहिला. हातपाय हलेनात. तेवढ्यात मागून आवाज आला, "काऊन बे, ढेप भिजली का?" पाहतो तर मी! म्हणे, बरं वाटलं म्हणून खेचरवाल्यांबरोबर मागून आलो. मी त्याची पिशवी माझ्या खांद्यावर घेतली, पुढे होऊन बर्फ तुडवत वाट केली आणि त्याला पलीकडच्या उतारावर आणलं. तिथून तो गावाकडे उतरला आणि मी दुसऱ्या वाटेनं घरी आलो.

टाळ्यांचा कडकडाट. बाबा उभे राहिले होते. मी पुढे जाऊन माईकवरच म्हणालो, "तो म्या नव्हतो. म्या तं पहिल्याच गावातून परतलो." लोक आणखी जोरात टाळ्या वाजवायला लागले! केवढा विनय, केवढा साधा माणूस... माझ्या गळ्यात हार पडला.

मला वाटलं, विरळ हवेनं दिलीपला भास झाला असेल. डॉक्टरही म्हणतात, तसं होतं. पण मग पिशवी? ती तो स्वतः हातांनी उचलू शकत नव्हता आणि ती त्याच्याबरोबर खाली आली होती. मी त्याला एकट्यात पुन:पुन्हा सांगितलं. तो हसून विषय बदलायचा. "राहू दे ना बाप्पा. तू होता, म्या पाह्यलं, झालं." मी जितका नाही म्हणे तितका तो अगत्यानं वागे. शेतातली पहिली तूर माझ्या घरी, मुलीच्या वाढदिवसाला केक मी कापायचा. रस्त्यात लोक नमस्कार करायचे. मी आतून सडत होतो. जे मला जमलं नाही, ज्यासाठी मी बहिणीच्या घरी दडून बसलो, त्याचंच श्रेय रोज माझ्या डोक्यावर! मला फक्त एवढंच हवं होतं, की दिलीपनं तरी मला मी आहे तसं ओळखावं.

म्हणून पुढच्या वर्षी राखीला ताई आली तेव्हा मी दिलीपला मुद्दाम घरी बोलावलं. त्याच्यासमोर ताईला म्हटलं, "सांग ह्याले, गेल्या साली जूनमध्ये म्या कुठं होतो." तिला आता लपवायचं कारण नव्हतं. ती म्हणाली, "कुठं म्हंजे? माह्या घरी. पहाडातून पळून आलता."

दिलीप हसला. म्हणाला, "ताई, वटसावित्रीच्या दिवशी सांगा. म्या खिंडीत होतो त्या दिवशी. पक्कं ध्यानात आहे, बायको घरी उपाशी होती माह्यासाठी."

ताईनं कपाळावर हात मारला. "वटसावित्रीलेच तं! म्या उपाशी, आन् हा पठ्ठ्या माह्या फराळाची सगळी साबुदाणा उसळ खाऊन गेला. मंग म्या चिडली तं दुपारभर कूलरच्या वाळ्याच्या ताट्या बदलत बसला. शेजारच्या बाया वडावरून आल्या, त्याहीनं पाह्यलं याले."

मी विजयी मुद्रेनं दिलीपकडे पाहिलं. हो, विजयीच. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

दिलीपचा चेहरा पांढरा पडला होता. चहा तसाच ठेवून तो उठला. मी त्याच्यामागे ओसरीवर गेलो. तो खांबाला धरून उभा होता. माझ्याकडे न पाहता बोलला.

"म्या सगळं नव्हतं सांगतलं कोनाले. उतारावर तू खाली बसला होता. तुह्या पाय उचलेना. दिवसभर तूच बर्फ तुडवला ना... मले म्हनला, तू हो पुढं, गावातून मानसं घेऊन येजो. म्या गेलो. एका घरी चुलीजवळ बसलो, त्याहीनं गरम काहीतरी पाजलं... आन् मले झोप लागली बे. काही सांगायच्या आधीच झोप लागली. उठलो तं उजाडलं होतं. मानसं घेऊन पळत वर गेलो. कोनी नव्हतं. आठ-दहा दिवस लय शोधलं. मंग रस्त्याले लागलो आन् फोन केला, तं दादा म्हने, आहे ना तो इथंच. तवा जीवात जीव आला माह्या. म्हतलं, सुटलो. माह्या हातून कोनी मेलं नाई."

मग त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"आता तू म्हनतं, तू नव्हता. मंग म्या तिथं कोनाले सोडून आलो?"

 मी आजही ताळा जुळवून पाहतो. भास होता म्हणावं तर पिशवी कुणी आणली ते सांगता येत नाही. दुसराच कुणी वाटसरू होता म्हणावं तर आमची ढेपेची थट्टा त्याला कशी माहीत? आणि तो मीच होतो म्हणावं, तर मी आष्टीत होतो, बायांनी पाहिलेलं. मला एवढंच कळतं की गळ्यात पडलेला हार मी निमूट घालून फिरलो असतो तर दिलीपची झोप शाबूत राहिली असती. मला माझी लाज धुवायची होती, म्हणून मी ती त्याच्यावर टाकली. तीही अशी, की त्याला कुणाची माफी मागायची सोय उरली नाही.

त्यानंतर आमचं बोलणं कमी झालं. भांडण नाही काही. फक्त तो माझ्याकडे पाहतो तेव्हा मला वाटतं, तो माझ्याकडे पाहत नाहीये. पुढच्या वर्षांत तो दोनदा एकटाच त्या गावी जाऊन आला. कुणी सापडलं का, एवढंच विचारायला. कुणीच सापडलं नव्हतं.

तिसऱ्यांदा जायच्या आधी, २००४ च्या मे महिन्यात, तो भर दुपारी दुकानात आला. हातात नवा जाड लोकरी स्वेटर. म्हणाला, "जरा घालून दाखव."  तसल्या उन्हात, सरकीच्या पोत्यांमध्ये उभा राहून मी तो घातला. दिलीपनं खांदे नीट ओढून पाहिले, बाह्या मनगटापर्यंत येतात का ते पाहिलं. बरोबर बसला होता. मग त्यानं तो माझ्या अंगातून काढून घेतला, घडी घातली आणि आपल्या पिशवीत ठेवला.